स्टेटची शिक्षा आणि आमची

रेडिओवर मॅच सांगणाऱ्याने कोणाची बाजू घेऊ नये म्हणतात. मी आयुष्यभर घेतली. दिवसा माझं टायरचं दुकान, आणि थंडीच्या मोसमात संध्याकाळी लॉरेल फोर्क कॉलेजच्या बास्केटबॉलचं धावतं वर्णन. आमच्या स्टेशनचा आवाज दुसरा डोंगर ओलांडत नाही, त्यामुळे ऐकणारे सगळे घरचेच. पंच आंधळा असेल तर मी त्याला आंधळा म्हणतो. त्याची बायकोही ऐकत असते, आणि तिचं मत माझ्याहून वेगळं नसतं.

लव्हेल टॉलिव्हरचं ते शेवटचं वर्ष होतं. कॉलेजात खेळायला चार मोसम मिळतात, पाचवा कोणाच्या बापाला मिळत नाही. मिसिसिपीच्या सपाट, कापसाच्या मुलखातून आमच्या डोंगरात आलेला हा पोरगा. उंची बेताची, एक गुडघा कापून शिवलेला. व्यावसायिक संघवाले आपल्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती: मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा, एकदाच. लॉरेल फोर्क तिथे कधीच गेलं नव्हतं. त्या वर्षी मात्र संघ असा काही जमून आला होता की आमच्या छोट्याशा लीगमध्ये आम्हाला अडवणारं कोणी दिसत नव्हतं. लीग जिंकली की स्पर्धेत जागा पक्की. गावात माणसं हवापाण्याचं बोलायची सोडून लव्हेलच्या गुडघ्याचं बोलायला लागली होती.

जानेवारीत त्याची आजी वारली. तिला तो बिग मामा म्हणायचा. आई लहानपणीच गेलेली, बापाचा पत्ता नाही. जे काही होतं ते तीच होती.

हॉइट लेडबेटर आमचा सहायक कोच. पोरांना शिवी घातल्याशिवाय ज्याची सकाळ होत नाही असा माणूस. रस्त्यावर बर्फ होता, बसगाड्या बंद होत्या. हॉइटने लव्हेलला आपल्या पिकअपमध्ये घातलं आणि थेट मिसिसिपीला नेलं. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की पोराकडे दफनाला घालायला धड कपडे नाहीत. मेम्फिसमध्ये थांबून त्याने त्याला काळा सूट घेऊन दिला.

आता नियम ऐका. कॉलेजवाल्यांकडून खेळाडूने फुकट काही घ्यायचं नाही. खेळाडूचे आईबाप वारले तर कॉलेजच्या माणसाने त्याला घरी पोचवलेलं चालतं. आजी चालत नाही. आणि सूट तर कोणीही मेलं तरी चालत नाही.

हे कोणाला कळलंही नसतं. पण आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये एकत्र जेवण असतं, आणि जेवणानंतर ज्याला देवाचे आभार मानायचे असतील तो उठून मानतो. हॉइट जन्मात कधी उठला नव्हता. त्या बुधवारी उठला. बर्फातून गाडी कशी सरकली, देवाने कसं तारलं, सुटातला लव्हेल शवपेटीपाशी किती ताठ उभा राहिला, सगळं सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. प्रॅथर यांनीही पुसले. ते आधी आमचे पाद्री होते, अजूनही म्हातारी माणसं त्यांना ब्रदर प्रॅथरच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला फोन केला आणि स्वतःच्याच कॉलेजची तक्रार नोंदवली.

आठवड्याने ते जिममध्ये आले तेव्हा सराव चालू होता. मी कोपऱ्यात मायक्रोफोनची वायर जोडत होतो. पोरं घामाने भिजलेली, भोवती उभी राहिली. डॉ. प्रॅथर टोपी हातात धरून बोलले.

"मुलांनो, आपल्याकडून नियम मोडला. वकिलांचं म्हणणं असं की संघटनेने शिक्षा देण्याआधी आपणच स्वतःला शिक्षा केली तर ते नरमाईने घेतात. म्हणून मी ठरवलंय, या वर्षी आपण लीगच्या स्पर्धेतही उतरणार नाही आणि मार्चमध्येही खेळणार नाही."

मग लव्हेल म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी घाला ना बंदी."

"काय म्हणालास?"

"पुढच्या वर्षी. आमच्यातले पाच जण तेव्हा नसणार. संघ असाही हरणारच आहे. तेव्हा घाला."

"चूक या वर्षी झाली आणि शिक्षा पुढच्या वर्षीच्या मुलांना? ते योग्य होईल का, बाळ?"

मला राहवेना. म्हणालो, "डॉक्टर, स्टेटने काय केलं ते आठवतंय ना?"

स्टेट म्हणजे आमच्या राज्याचं मोठं विद्यापीठ. त्यांच्या खेळाडूंच्या बुडाखाली नव्या कोऱ्या गाड्या असतात, आणि त्यांच्या परीक्षा कोण देतं हे आमच्या डोंगरातल्या खेचरांनाही माहीत आहे. संघटना कित्येक वर्षं त्यांची चौकशी करत होती.

"तेच तर सांगतोय, वेंडल," डॉ. प्रॅथर म्हणाले. "स्टेटनेही गेल्या वर्षी स्वतःवर बंदी घालून घेतली. संघटनेने जाहीर कौतुक केलं त्यांचं."

"अहो, गेल्या वर्षी त्यांचा सेंटर, सगळा खेळ ज्याच्यावर तो उंच गडी, पाय मोडून घरी बसला होता! संघ इतका रद्दी होता की चर्चच्या गायकमंडळानेही हरवला असता. मार्चमध्ये त्यांना बोलावणार कोण होतं? उपाशी माणसाने उपास धरला आणि तुम्ही त्याला हार घालताय!"

खरं सांगतो, डॉ. प्रॅथरना हे माहीतच नव्हतं. या राज्यात राहून ज्याला स्टेटचा सेंटर जायबंदी होता हे ठाऊक नाही असा एकटा माणूस, आणि तोच आमचा अध्यक्ष.

"मग त्यांची शिक्षा खोटी होती," ते शेवटी म्हणाले. "आपली खरी असेल."

या वाक्यावर मी आजवर त्यांच्याशी भांडत आलोय, मनातल्या मनात. चांगला माणूस. पण चांगल्या माणसाने दुसऱ्याच्या पोराचा मार्च देऊन टाकावा का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. लव्हेलने बॉल उचलून जाळीच्या पोत्यात ठेवला आणि तो कपडे बदलायला गेला. हॉइट त्याच्या मागे गेला, पण दारापाशीच थांबला.

लीगच्या स्पर्धेत आमच्या जागी दुसऱ्या नंबरचं कॉलेज खेळलं, जिंकलं, मार्चमध्ये गेलं आणि पहिल्याच मॅचमध्ये सडकून मार खाऊन परत आलं. स्टेटही त्या मार्चमध्ये गेलं. चौकशी चालूच होती, पण चौकशी चालू असताना खेळायला कोणाची मनाई नसते. सेंटरचा पाय बरा झाला होता. ते थेट शेवटच्या चारांत पोचले, आणि आमच्या गावातही काही नतद्रष्टांनी त्यांच्या रंगाच्या टोप्या घातल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर संघटनेने आमची सुनावणी ठेवली, दूरच्या शहरातल्या एका हॉटेलात. डॉ. प्रॅथर आणि हॉइट यांना मीच गाडीने नेलं. बाहेरच्या गालिच्यावर बसून मी गार कॉफी पीत राहिलो. दोघं बाहेर आले तेव्हा हॉइटचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?"

"अजून एक वर्ष बंदी," हॉइट म्हणाला. "आणि मला पाच वर्षं कुठल्याही कॉलेजात कोचिंग करता येणार नाही."

"एका सुटासाठी?"

"जाणूनबुजून केलं म्हणे. मी विचारलं, मग काय झोपेत गाडी चालवली असती?"

"आणि आपण स्वतःहून सांगितलं, त्याचं काही नाही?"

"आहे ना. त्याचाच तर पुरावा झाला. सगळं कबूल असल्यामुळे त्यांना काही शोधावंच लागलं नाही. अर्ध्या तासात उरकलं."

परतीच्या वाटेवर डॉ. प्रॅथर मागच्या सीटवर होते. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणाले, "स्टेटवाले काहीच बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर काही सिद्ध होत नाही. होय ना?"

"होय, डॉक्टर. त्यांचे वकील बोलतात, ते नाही."

"मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो की आधी कबूल करा." मला त्यांचा राग आला होता, तो तिथे अर्धा उतरला. उरलेला अर्धा अजून आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते ठीक, पण आमचा संन्यासी सुळाला तेल लावून घेऊन गेला होता.

हॉइट आता शाळेची बस चालवतो. पोरांना शिव्या घालता येत नाहीत म्हणून कासावीस होतो. लव्हेलचे दोन विषय राहिले होते, त्यामुळे तो गावातच राहिला आणि माझ्या दुकानात टायर बदलायला लागला. काम चोख. बास्केटबॉलचा विषय निघाला की मागच्या अंगणात जायचा.

पुढच्या मार्चमध्ये, स्पर्धेत कोण कोणाशी खेळणार याची यादी टीव्हीवर जाहीर होते त्या रविवारी, मी त्याला ओढूनच इर्माच्या हॉटेलात नेलं. सगळं गाव तिथे असतं. राजमा, कॉर्नब्रेड, तळलेला मासा, आणि वर टीव्ही. आमचं नाव येणार नव्हतंच. बंदीचं दुसरं वर्ष. स्टेटचं नाव अगदी वर आलं. आणि त्याच बातमीत निवेदक म्हणाला की स्टेटच्या चौकशीचा निकाल शुक्रवारी लागला आहे. गेल्या मोसमातले त्यांचे सगळे विजय पुसून टाकलेत. शेवटच्या चारांत पोचल्याचा झेंडा छतावरून उतरवायचा. कोचला ताकीद. तो कोच आधीच तिप्पट पगारावर व्यावसायिक संघात गेला होता, त्यामुळे ताकीद बहुधा रिकाम्या खुर्चीला दिली असावी.

"झालं? एवढंच?" इर्मा काउंटरवरून ओरडली. "माझ्या नवऱ्याला मासे जास्त पकडले म्हणून याहून जास्त दंड झाला होता!"

लोक हसले. लव्हेल हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला होता.

"मिस्टर वेंडल, सगळे विजय म्हणाला का तो?"

"सगळे."

"डिसेंबरमधलाही?"

हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही, कारण हरलेल्या मॅचबद्दल मी आपणहून बोलत नाही. त्या मोसमाच्या सुरुवातीला आम्ही स्टेटच्या घरी जाऊन त्यांच्याशी खेळलो होतो. एका गुणाने हरलो. शेवटच्या क्षणाला लव्हेलला दोन फ्री थ्रो होते, म्हणजे कोणी आडवं न येता बास्केटमध्ये टाकायचे दोन चेंडू. एक आत गेला, दुसरा बास्केटच्या कडीवर नाचून बाहेर पडला. रेडिओवर मी पहिल्यांदाच अवाक झालो होतो.

"म्हणजे आपण जिंकलो?" लव्हेल म्हणाला.

मग कोणीतरी टेबलावर थाप मारली, आणि सगळे उभे राहून ओरडायला लागले. इर्माने त्याच्यापुढे अख्खा ॲपल पाय ठेवला. हॉइट मासा टाकून आला आणि त्याने लव्हेलचं डोकं बगलेत दाबून त्याला अशी काही शिवी दिली की डॉ. प्रॅथरनी खिडकीकडे तोंड फिरवलं. लव्हेलला इतकं मोठ्याने हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, देवाने उशीर केला, पण विसरला नाही.

मी मूर्ख. तेवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला ते रेडिओवर अधिकृतपणे सांगायचं होतं. सोमवारी दुकानातून संघटनेच्या कचेरीत फोन लावला. एक बाई होत्या, आवाज गोड.

"त्यांचा विजय पुसला गेला आहे, सर. तुमचा पराभव कायम राहील."

"म्हणजे त्यांनी आम्हाला हरवलं नाही?"

"नोंदीप्रमाणे, नाही."

"मग आम्हाला हरवलं कोणी?"

बाईंनी जरा विचार केला. "कोणीच नाही, सर. पण तुम्ही हरला आहात."

लव्हेल एका ट्रकखाली आडवा होता, नुसते बूट दिसत होते. त्याने फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, पण बोललो नाही. जे होतं ते सांगितलं.

"माझा फ्री थ्रो?"

"तो आहे. चुकलेला."

पान्याचा आवाज थांबला. मग त्याने विचारलं, "आणि त्यांचं मार्चमध्ये जाणं? तेही पुसलं?"

"तेही. नोंदीप्रमाणे त्या वर्षी स्टेट स्पर्धेत नव्हतंच."

"म्हणजे नोंदीप्रमाणे तेही गेले नाहीत आणि आम्हीही गेलो नाही. सारखेच."

"हो."

तो ट्रकखालून बाहेर आला नाही.

"पण ते गेले होते ना, मिस्टर वेंडल," तो म्हणाला.