शिवकन्येच्या कागदावर मी उमटलो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. गोल रबर आणि वर सागवानी मूठ, एवढाच माझा देह. शिक्क्याची कसली आलीय गोष्ट, असं म्हणून उठू नका. केज तालुक्यातल्या आमच्या गावात एके काळी माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

बीडच्या एका शिक्केवाल्यानं मला घडवलं. गावच्या सहकारी दूध संस्थेचं नाव त्यानं माझ्या पोटावर उलटं कोरलं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटेल. चेअरमन सुंदरराव यांनी माझ्यासाठी पत्र्याची डबी आणली आणि तिची किल्ली सेक्रेटरी सुग्रीवकडे दिली. वसतिगृहात पोरगं घालायचं असो की दुष्काळात चारा छावणीत म्हैस, लोक आधी संस्थेत यायचे. सुंदरराव लिहायचे, "सदर इसम माझ्या चांगल्या माहितीतला आहे." मग सुग्रीव माझ्यावर तोंडानं वाफ मारायचा आणि मला दाबायचा. माणूस तो कागद जड झाल्यासारखा दोन्ही हातांनी उचलून न्यायचा. मला त्याचा फार गर्व होता, खोटं कशाला बोलू.

संस्थेला दूध घालणाऱ्यांत एक रामहरी होता. तरुणपणी बारा-तेरा हंगाम त्यानं ऊस तोडला होता. त्याची मुलगी शिवकन्या अंबाजोगाईला शिकत होती आणि तिनं पुढं जर्मनीला जायचं ठरवलं. जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं आणि कसं राखायचं, हे तिला शिकायचं होतं. त्या साली आमच्याकडं सहाशे फूट खाली गेलं तरी बोअरमधून नुसता फुफाटा येत होता. तिकडच्या विद्यापीठानं तिला बाकी सगळ्यात पास केलं होतं. फक्त दोन शिक्षकांची शिफारसपत्रं हवी होती. एक गेलं होतं. दुसरं तिच्या बद्रीनाथ सरांनी हातानं लिहून, खाली सही करून दिलं आणि ते नर्मदा परिक्रमेला पायी निघून गेले. फोन त्यांनी घरीच ठेवला होता.

शिवकन्येचा त्या दिवशी पेपर होता. जाताना तिनं पत्र वडिलांच्या हाती दिलं. "आबा, उद्या केजला जाऊन हे पाठवायचंय. जपून ठेवा."

रामहरीनं ते जपलं, पण आपल्या पद्धतीनं. त्यानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि तडक संस्थेत आला.

"सुग्रीवभाऊ, ह्याच्यावर शिक्काच न्हाई. सरांना ध्यान ऱ्हायलं न्हाई वाटतं. बिनशिक्क्याचा कागद तिकडं कोण धरंल?"

"खरंय की," सुग्रीव म्हणाला. "चेअरमन साहेब, मारू का?"

"मार. चांगला ठळक मार. गावची लेक हाय," सुंदरराव म्हणाले.

सुग्रीवनं नवी शाई घातली आणि मला बरोबर सहीवर ठेवून दाबलं, कारण शिक्का सहीवरच मारायचा असतो असा आमचा रिवाज. सरांची बारीक निळी सही माझ्या जांभळ्या शाईखाली बुडाली. मी मात्र खुशीत होतो. जर्मनीला जाणारा आमच्या तालुक्यातला पहिला शिक्का मीच, असं मनाशी म्हणत डबीत जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या वडिलांना घेऊन संस्थेत आली. तिच्या हातात तो कागद होता. ती रागावली नव्हती, आणि त्याचंच मला भ्या वाटलं.

"आबा, तिकडं सहीच बघत्यात."

"सही हाय की खाली."

"दिसती का तुमाला?"

रामहरीनं कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग खाली बसला.

सरांचा पत्ता लागेना. शेवटी तिनं तोच कागद पाठवला. सोबत सुंदररावांनी खुलासा लिहून दिला की शिक्का चुकून लागला, आणि सवयीनं सुग्रीवनं त्या खुलाशावरही मला दोनदा मारलं. विद्यापीठाचं उत्तर आलं की सही वाचता येत नाही, आठ दिवसांत नवं पत्र द्या. आठ दिवस टँकरच्या रांगेसारखे रेंगाळले आणि संपले. नर्मदेकडून फोन आला नाही. शिवकन्येची जागा गेली.

त्या दसऱ्याला रामहरी पुन्हा कोयता घेऊन कारखान्यावर गेला आणि या वेळी शिवकन्याही मोळ्या बांधायला गेली. गोठे रिकामे झाले, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. मी अंधाऱ्या डबीत एकटा होतो. माझं रबर तडकत होतं, आणि ती सही माझ्या पोटाखाली बुडाली तो क्षण मला रोज आठवायचा. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण शिक्क्याला कोण बोलतं?

पुढच्या उन्हाळ्यात एकदा कुलूप निघालं. सुग्रीव जुनी कागदपत्रं शोधायला आला होता. रस्त्यानं जाणारा रामहरी दार उघडं पाहून आत डोकावला. त्याच्या हातात बद्रीनाथ सरांचं नवं पत्र होतं. सर परत आल्यावर त्यांनी ते लिहून दिलं होतं आणि विद्यापीठानंही शिवकन्येचा अर्ज पुन्हा घेतला होता.

सुग्रीवनं हौसेनं डबी उघडली, मला बाहेर काढलं, वाफ मारली. कित्येक महिन्यांनी माझ्या अंगाला माणसाचा श्वास लागला. खरं सांगतो मित्रांनो, मला उमटावंसं लई वाटलं.

रामहरीनं पत्राची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"नगं, भाऊ. तिचं हाय, तिला इचारल्याबिगर आता बोट बी लावायचा न्हाई मी."

शिवकन्या जर्मनीला गेली. मी पुन्हा डबीत आहे आणि आता कुणी येईलसं वाटत नाही. मला पुसा, शाई घाला, असं मी मागत नाही. तुमच्या माणसानं जीव लावून काही लिहिलं, ठरवलं आणि तुमच्या हाती सांभाळायला दिलं, तर ते फक्त सांभाळा. त्यात आपलं काही घालायचं असेल, तर आधी त्याला विचारा. मला विचारता येत नव्हतं, तुम्हाला येतं.