पुडी सोडली की माणूस पडतं

बस इथं. आज घाबरवणारी गोष्ट सांगतो. भूत नाही हां यात, पुडी आहे. चिमूटभर पांढऱ्या भुकटीची.

जुन्या गोदामात महाराज बसायचे, ही पुडी द्यायचे आणि बाहेर ही गर्दी! कुबडीवर आलेला माणूस आठवड्यात कुबडी खांद्यावर टाकून चालायचा. माझ्या बायकोची बोटं सुजून शिवणकाम सुटलेलं. पुडी घेतली आणि पठ्ठीनं सुईत दोरा ओवला! मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस, सहज कशावर विश्वास ठेवत नाही. पण डोळ्यांसमोरचं नाकारू कसं?

महिने गेले. तिचा चेहरा चेंडूसारखा गोल झाला. जरा धक्का लागला की काळंनिळं. पाळी चुकायला लागली. महाराज म्हणाले, "तेज चढतंय, माते! देह शुद्ध होतोय!"

"तेज की सूज?" मी विचारलं.

मेहुणा अंगावरच आला. "दाजी, जीभ आवरा! पुडी सोडली की माणूस पडतं, ठाऊक आहे ना?"

ते मात्र खरं होतं. आमच्याच गल्लीत सोडणारे दोघं पडलेले. एक उठलाच नाही.

पण बायको हट्टी. "आरशात मीच मला ओळखू येईना. नको ती पुडी." बंद केली. दोन-तीन दिवसांत ओकाऱ्या, अंग गार, उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधार. मग ओट्यापाशी कोसळलीच.

मेहुणा पुडी घेऊन धावला. "बघा, कोप झाला! तोंड उघड, ताई!"

ती पुटपुटली, "अहो, द्या हो मला. मरते मी."

खोटं कशाला बोलू, द्यावीशी मलाही वाटली. पण पाण्याचा घोट टिकत नव्हता, तिथं पुडी काय टिकणार? तिला उचललं, गाडीत घातलं, दवाखाना गाठला. मेहुणा पुडीसकट मागं.

डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, दंडावरचे डाग पाहिले, रक्तदाब घेतला. "कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

"गोळ्या नाहीत, कृपेची पुडी," मेहुणा म्हणाला.

"आण इकडे ती कृपा."

इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. काही वेळानं बायकोनं डोळे उघडले आणि मलाच दरडावलं, "गॅस बंद केलात का?" मला रडूच फुटलं.

बाई म्हणाल्या, "मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्या रसाशिवाय माणूस उभा राहत नाही. या भुकटीत तसलाच रस असणार, स्टेरॉइड. त्यानं सूज उतरते, तो तुमचा चमत्कार. पण बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर ग्रंथी झोपी जातात. मग एकदम बंद केलंत, की बाहेरचा नाही अन् घरचाही नाही. कोप कसला? उपासमार ही!"

मेहुण्याचा गोल चेहरा पांढरा पडला. "बाई, मी पण घेतो. आत्ता फेकू?"

"फेकलीस तर शेजारच्या खाटेवर येशील. थोडं थोडं कमी करू, मी सांगेन तसं."

तपासणीत स्टेरॉइडच निघालं. गोळ्या कुटून पुड्या बांधायचा लेकाचा! महाराज कोठडीत गेला आणि गर्दी बाईंच्या दारात आली. सगळे गोल चेहरे, जणू सख्खी भावंडं.

आता तू एवढं कर माझ्यासाठी. तुझ्या घरात कुणी असली पुडी खात असेल, तर ती हिसकावून गटारात टाकू नकोस आणि भिऊन खाऊ घालतही राहू नकोस. माणूस आणि पुडी, दोन्ही डॉक्टरांपुढं ने. आजच ने.