गाठ कुणाच्या मानेत?

गाठ आत्याच्या मानेत होती, पण डॉक्टर बोलत होते माझ्याशी. साठी उलटली की माणसाचे कान आणि अक्कल एकदमच निवृत्त होतात, असं दवाखान्यात धरूनच चालतात.

"पहिल्या सुईत नीट कळलं नाही," ते हळूच म्हणाले. "पुन्हा नमुना घेऊ. त्यांना सांगा, किरकोळ तपासणी आहे."

आत्याने कॉलरचं बटण लावून टाकलं. "डॉक्टर, सुई ह्याला टोचणार आहात का?"

"नाही हो, आजी. तुम्ही उगाच घाबराल म्हणून..."

"घाबरायचं का, ते माझं मी बघेन. हा आधी बेशुद्ध पडेल आणि तुम्हाला दोन पेशंट होतील."

मी खुर्चीचा हात गच्च धरून बसलो होतो, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

डॉक्टरांनी नाइलाजाने तिच्याकडे तोंड केलं. संशय कॅन्सरचा आहे, खात्री नाही, सगळं सांगितलं. दुखेल किती, कळेल कधी, हे तिने खोदून खोदून विचारलं.

"रिपोर्ट आला की फोन कुणाला करू?" आता डॉक्टरांनीच तिला विचारलं.

"मला. आणि मोठ्याने बोला."

मग बटण सोडून तिने मान पुढे केली आणि मला म्हणाली, "तू बाहेर बस."