तिसऱ्या पायरीवरची उडी

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, खाली रबर आणि त्या रबरावर दोनच अक्षरं, 'ओके'. बस्स, एवढीच माझी अक्कल. तरी या दोन अक्षरांनी काय काय करून ठेवलंय ते ऐका. ऐकून तुम्हीही ओके म्हणाल आणि विसरून जाल, ते मला माहीत आहे.

माझा जन्म गल्लीतल्या एका शिक्केवाल्याच्या टपरीत झाला. त्याने मला घडवलं, कागदावर एकदा उमटवून पाहिलं आणि शिड्यांच्या कारखान्यात धाडून दिलं. तिथे अॅल्युमिनियमच्या शिड्या बनत. तयार शिडी तपासायची, तिच्या लेबलावर मला उमटवायचं आणि मग ती ट्रकमध्ये चढवायची, असा शिरस्ता होता. तपासणीला एकच बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, त्यांच्याहून मोठे हमालसुद्धा. त्यामुळे मी उमटलो म्हणजे ताईंनी शब्द दिला, असंच सगळे धरून चालत.

ताईंची पद्धत साधी होती. शिडी भिंतीला लावायची, पदर खोचायचा, तिसऱ्या पायरीवर चढायचं आणि तिथेच एक उडी मारायची. शिडी कुरकुरली तर बाजूला, गप्प राहिली तर मी. दिवसाला साठ शिड्या म्हणजे साठ उड्या. हमाल चेष्टेने म्हणत, ताई, या वयात दोरीवरच्या उड्या सुरू केल्यात का? ताई म्हणत, तुझी बायको चढणार असेल शिडीवर तर सांग, तिच्यासाठी दोन मारते. मला त्या दिवसांचा फार अभिमान होता. आता त्याची लाज वाटते, कारण अभिमान ताईंचा होता, मी फुकटात मिरवत होतो.

बाकी कारखान्यात माझा शब्द कोणीही कुठेही फेकायचा. ट्रक मागे घेताना ओके, चहा पोचला की ओके, फोन ठेवताना ओके. एकदा शेठच्या बायकोने फोनवर नुसतंच 'ओके' म्हटलं, तर शेठ पुढचे दोन दिवस डब्याशिवाय आले. 'बघतो' म्हणजे ओके, 'बघत नाही' म्हणजेही ओके, आणि 'आता तोंड बंद कर' म्हणजे तर हमखास ओके. मला वाटायचं, बोलू देत बापडे, लेबलावरचा ओके तरी खरा आहे.

मग ताईंच्या मुलीचं बाळंतपण आलं. ताईंनी दोन दिवस रजा घेतली. रोज मला डब्याच्या पिशवीत घालून घरी नेणाऱ्या ताईंनी त्या दिवशी मला सुपरवायझर साहेबांच्या हातात दिलं. "चढल्याशिवाय उमटवू नका," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "ओके, ताई."

दुसऱ्या दिवशी दारात ट्रक उभा होता. साहेबांनी लेबलांचा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि खुर्चीत बसून चहा पितापिता मला दणादण आपटलं. शंभर लेबलं! शिड्या अजून आतच होत्या, काहींच्या पायऱ्यांचे रिव्हेटही ठोकायचे होते. आधी शिक्का, मग शिडी. पाट्या टाकणं म्हणतात ना, ते हेच. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या रबरावर 'नाही' कोरलेलंच नाही.

महिनाभराने एक माणूस फाटकं लेबल घेऊन आला. त्याचा भाऊ वायरमन. पंखा बसवताना शिडीची पायरी निसटली आणि तो पाठीवर पडला. आता तो अंथरुणातून उठत नव्हता. शेठनी ताईंना बोलावलं. साहेब हळूच म्हणाले की ताईंनी तपासलेल्या शिड्यांवरच आपण शिक्के मारले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"शिक्का माझा आहे, हात माझा नव्हता," ताई म्हणाल्या.

त्या माणसाने आवाज चढवला नाही. "मग शिक्का दुसऱ्याच्या हातात दिलात कशाला?" त्याने विचारलं.

शेठनी त्यांना त्याच दिवसापासून घरी बसायला सांगितलं.

पण ताई सरळ घरी गेल्या नाहीत. रजेवरून आल्यावर त्यांनी मला परत घेतलं होतं, मी अजून त्यांच्या डब्याच्या पिशवीतच होतो. त्या मागच्या शेडमध्ये गेल्या. त्याच मालातल्या उरलेल्या चाळीस शिड्या तिथे उभ्या होत्या, लेबलं लावून, माझ्या ठशासकट. ताईंनी पदर खोचला. हमाल म्हणाला, "ताई, नोकरी गेली ना, आता कशाला?" "नोकरी गेली. शिड्या इथेच आहेत," त्या म्हणाल्या आणि चढल्या. चाळीस शिड्या, चाळीस उड्या. एका शिडीची पायरी पायाखालून सुटली, ताईंचं ढोपर फुटलं, तरी त्या थांबल्या नाहीत. अकरा शिड्या खराब निघाल्या. त्यांची लेबलं ताईंनी नखांनी खरवडून काढली आणि मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"अकरा बाजूला ठेवल्यात. त्या जाता कामा नयेत."

साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "ओके."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकरा नवी लेबलं घेतली आणि मला शाईत बुडवलं. दुपारी ट्रक गेला.

आता माझं रबर झिजलंय, अर्धी अक्षरं उमटतच नाहीत, पण कोणाचं काही अडत नाही. मला ना तेल हवं ना पुसायला फडकं. माझी काळजी घ्या, असं इतर वस्तूंसारखं मी म्हणणार नाही. तुमची घ्या. कोणी ओके म्हणालं की विचारा, चढून पाहिलंत का? आणि मित्रांनो, तुमच्या घरी माळ्याखाली एखादी शिडी असेल. त्या अकरा कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. आईला वर चढू देण्याआधी तिसऱ्या पायरीवर एक उडी मारून बघा. ताईंनंतर कोणी मारलेली नाही.