भिंतीची आतली बाजू

गुणवंतीचा दीर भागोजी म्हणजे आडमुठा नंबर एक. वाटणी झाली तसं त्याने आपल्या वाट्याचं अर्धं घर कौलांसकट पाडलं आणि थोडं मागे सरून स्लॅबचा बंगला उठवला. विधवा भावजयीचं अर्धं घर तेवढं उघडं पडलं. काल दोन खोल्यांच्या मधे असलेली कुडाची भिंत आज थेट घाटाच्या वाऱ्याला सामोरी. कारवीच्या काठ्या आणि वर मातीचं लिंपण, ती बिचारी कुठवर तग धरणार?

गुणवंतीने मे महिन्यात बाहेरून गवताची जाड झड बांधून भिंत झाकली आणि पाऊस काढला. दसरा झाला नि भागोजीने ती झड उपटून न्हाणीच्या चुलीत घातली.

"वयनी, भिंतीची आतली बाजू तुमची, बाहेरली माझी. माझ्या खळ्यात पाय टाकलात तर बघा!"

बघा म्हणे! मेल्याला आंघोळीला फुकटचं कढत पाणी मिळालं, दुसरं काय.

पोफळीच्या खोऱ्यात थंडी उतरली, तेव्हाच गुणवंतीची लेक अक्षया पहिलटकरीण म्हणून बाळंत होऊन त्या भिंतीच्या खोलीत आली. दुसरी खोली चुलीची, सगळी धुराने कोंदलेली. मुलगा वजनाला कमी. 'याला गारठा लागू देऊ नका,' डॉक्टरणीने बजावलं होतं.

आतून लिंपावं, तर ओली भिंत खोली आणखी गार करणार. आतून पेंढा लावावा, तर बाजेखाली शेगडी, एक ठिणगी पुरे. गुणवंतीने आपली जुनी लुगडी फाडून बाळाला पदरावर पदर गुंडाळलं, वर कुंची बांधली. तरी फटीतून वारा यायचा नि पोराची पावलं गारच्या गार. ती पावलं तळव्यात धरून गुणवंती भागोजीला शिव्या मोजायची.

बारशाला भागोजी आणि त्याची बायको मैना आली. अख्खा गाव बघेल असं मैनाने भलंमोठं मुंबईचं ब्लँकेट उलगडलं. जाड, लोकरी, मधोमध वाघ.

"नातवाला आमच्याकडून ऊब हो," भागोजी मिशीवर हात फिरवत म्हणाला. "आम्ही कधी हात आखडत नाही."

गुणवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झड जाळणारा हा, आणि ऊब वाटतोय!

रिवाजाप्रमाणे बाळाआधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात निजवला होता. गुणवंतीने तो उचलला, कुंची काढली, फळीवरचे खिळे घेतले. ब्लँकेटची दुहेरी घडी भिंतीला लावली आणि कुडातल्या लाकडी मेढींवर ठोकायला लागली. ठाण! ठाण! बायका आ वासून बघत राहिल्या.

"अगो, ते पांघरायचं!" मैना किंचाळली.

"बाळाला पांघरायला माझी लुगडी आहेत. उघडी पडलीय ती भिंत."

"काढा ते!" भागोजी ओरडला. "आमची अब्रू खिळ्याला टांगता काय?"

गुणवंतीने शेवटचा खिळा वाघाच्या शेपटीशी ठोकला नि वळली.

"बाहेरली बाजू तुमची, भावोजी. तिथे जाऊन ओरडा. आतली माझी आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. भागोजी मैनाला ओढत तरातरा निघून गेला, पेढासुद्धा न घेता. गुणवंतीने वरवंटा धुऊन पुन्हा पाळण्यात ठेवला आणि बायकांना पाळणा म्हणायला लावलं. पाळणा संपला तेव्हा तिने बाळाच्या पावलांना हात लावला. ती कोमट होती.