भिंतीतल्या गोचिडी

हर्षाने भुऱ्याचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला आणि उचलला. रंग परत यायला वेळ लागला. आला तोही फिका. चार घास खाऊ लागलेलं कुत्रं आज पुन्हा तापाने फणफणलं होतं, मागचा पाय टेकवत नव्हतं.

तेवढ्यात पुण्याहून तिच्या दिराचा, मनिषचा फोन आला.

"वहिनी, लाईम रोग असन. नेटवर वाचलं मी. ताप, लंगडणं, सारं जुळून राहिलं."

"भाऊजी, त्या रोगाची गोचीड आपल्याकडं नाही. भंडाऱ्याले रक्त तपासलं. इथलाच गोचीड-ताप आहे. गोळ्या चालू आहेत."

"मंग बरा काहून नाही होऊन राहिला?"

ती अड्याळच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. असे 'काहून' तिथे तीच मुलांना विचारत असे. तिने फोन जरा जोरातच खाली ठेवला. गोळी ती स्वतः भातात कालवून देत होती. औषधी पाण्याने आंघोळ घालून झाली, भुऱ्या रात्री निजायचा तो गुरांचा कोठा फवारून झाला. तरी रोज संध्याकाळी कानामागे नव्या गोचिडी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अंगातलं रक्त आणखी एकदा कमी झालं तर तो वाचणार नाही.

शनिवार असल्याने आज ती दुपारीच घरी होती. सासू चंद्रभागाबाई मोहाच्या तेलात बोटं बुडवून भुऱ्याजवळ बसल्या. एकेक गोचीड अलगद सोडवून वाटीत टाकत गेल्या. मग पदराआड वाटी धरून मागच्या दाराने निघाल्या. हर्षा त्यांच्या मागे गेली, भुऱ्याही लंगडत आला.

परसात मातीच्या भिंतीलगत पोतं अंथरलेलं होतं. भुऱ्याची दुपारची जागा. तिथेच वाकून चंद्रभागाबाईंनी वाटी हलकेच पालथी केली.

"आई! काय करून राहिल्या?"

"सोडून देल्या."

"रोज इथंच सोडता?"

"मंग का खाऊ?"

हर्षाने कपाळाला हात लावला. "एकेक गोचीड हजारो अंडी घालते, आई. या भिंतीच्या भेगांमंधी. पिल्लं निघतात अन् त्यालेच चिकटतात. महिनाभर मी मरमर करून राहिली, अन् तुम्ही... जन्मभर नखावर चिरडत आल्या ना?"

चंद्रभागाबाई वाटीच्या काठावरचं तेल बोटाने पुसत राहिल्या.

"नवस बोलली मी," त्या म्हणाल्या. "भुऱ्या धड होयेवरी कोन्ताच जीव मारीन नाई. एक जीव मांगाचा अन् दुसरे घेयाचे, तं देव कसा आयकन?"

गोचिडीच्या जीवनचक्राची आकृती हर्षा दरवर्षी फळ्यावर काढत असे. ती तडक वळली. कोठ्यात जाऊन उरलेल्या औषधाचा पंप खांद्याला लावून आली आणि पायाने पोतं बाजूला सारलं.

"पाप लागन, माय."

"मले लागू द्या. नवस तुमचा आहे."

चंद्रभागाबाईंनी भुऱ्याला उचलून पोटाशी धरलं, नाकाला पदर लावला आणि पाठ फिरवली. पंपाचा फुसफुसाट भिंतीवरून सरकत गेला. औषधाचा उग्र वास परसभर पसरला.

"न्हाणीकडची भेग राहिली," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "पयल्या पयल्या तिथंच सोडल्या होत्या."