दौलतरावांनी देऊन टाकलेला पियानो

मी पियानो बोलतोय. अकोल्याच्या सरकारी गोदामात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभा आहे. दौलतरावांची बाजू साऱ्या वाशीमला सांगून झाली. आता माझी ऐका.

माझा जन्म विलायतेतला. उष्ण मुलखात सरस पाघळतो म्हणून कारागिरानं माझे सांधे पितळी स्क्रूंनी आवळले. वाशीमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या गोऱ्या मॅनेजरानं मला इकडं आणलं आणि बदली झाली तसं लिलावात काढलं. मला घेतलं दौलतरावांनी. मोठे जमीनदार, अनसिंगला शेती, वाशीमला घर. सूर त्यांना कळत नव्हता. गोऱ्याच्या घरातली वस्तू आपल्या बैठकीत हवी, एवढं कळत होतं. चार वर्षं माझ्या डोक्यावर पानदान होतं.

मला उघडलं त्यांच्या धाकट्या मुलानं, इंद्रभाननं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मिशनच्या शाळेतल्या मार्था मिस त्याला शिकवायला येऊ लागल्या. बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा मंगरूळपीरचा जब्बार दर तीन महिन्यांनी येऊन माझ्या तारा लावी. उन्हाळ्यात माझा सूर उतरायचा. जब्बार म्हणायचा, "विलायती मिजाज हाय भाऊ याचा. गरम झालं का रुसते."

घरात कुणाला कौतुक नव्हतं. बाप म्हणायचा, ही टकटक बंद कर, डोकं उठलं. पंधराव्या वर्षी इंद्रभान अकोल्याला वाजवून आला, मग अमरावतीला. नागपूरच्या वर्तमानपत्रात त्याच्यावर आठ ओळी छापून आल्या, तेव्हा त्याच बापानं कात्रण काचेत बसवून भिंतीला लावलं आणि येईल त्याला सांगू लागला की, पोराला पियानोवर मीच बसवला.

अठराव्या वर्षी मुंबईचं पत्र आलं. फेब्रुवारीत एक अख्खी संध्याकाळ, एकट्या इंद्रभानची. रंगली तर तिथले एक उस्ताद पियानोवाले त्याला तीन वर्षं जवळ ठेवून घेणार होते. त्यानं मॅट्रिकचा नाद सोडला आणि दिवसाला सात-आठ तास माझ्यासमोर बसू लागला. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांना त्याच्या बोटांचे खळगे पडायचे बाकी होते.

डिसेंबरात जिल्ह्याचा मोठा गोरा साहेब दौऱ्यावर आला. दौलतरावांना सरकारकडून रावसाहेब ही पदवी हवी होती, म्हणून त्यांनी त्याला जेवायला बोलावलं आणि इंद्रभानला वाजवायला बसवलं. त्यानं मुंबईसाठी बसवलेली संथ गत वाजवली. साहेब मन लावून ऐकत होता. संपल्यावर माझ्या लाकडावर थाप मारून म्हणाला, वाद्य फार उत्तम आहे.

आपल्याकडे पाहुण्यानं वस्तूची तारीफ केली की यजमान म्हणतो, तुमचीच आहे. मग पाहुणा म्हणतो, छे छे, तुमच्याकडेच शोभते. शाल असो, गाय असो, विषय तिथं संपतो. दौलतराव सवयीनं बोलून गेले, "आपलाच आहे, साहेब." साहेबाला पुढचं अर्धं कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, आभारी आहे, अकोल्याच्या क्लबातल्या पियानोला वाळवी लागली आहे.

हा पियानो माझ्या मुलाचा आहे, एवढं एकच वाक्य हवं होतं. दौलतरावांनी मुलाकडे पाहिलं. मग साहेबाकडे पाहिलं.

"उद्या माझीच गाडी जुंपून देतो, साहेब."

मार्था मिस तिथंच होत्या. त्यांच्या शाळेला नवी जागा हवी होती, तो अर्ज याच साहेबापुढं पडला होता. त्या चहा ढवळत राहिल्या.

साहेब गेल्यावर इंद्रभान म्हणाला, "आबा, मुंबईले सात हप्ते राह्यले. म्या कायच्यावर वाजवू?"

"मुंबई काई पळून चालली नाई. सायबाची बदली झाली त?"

त्यानं आईकडे पाहिलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, बापाचा शब्द गेला हाय पोरा, पाळा लागते. पोरानं मुंबईला दिलेला शब्द कुणी मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी मला गाडीवर चढवत असताना जब्बार तारा लावायला आला. हातातली किल्ली तशीच ठेवून म्हणाला, "मालक, पाय तोडता अन् पोराले धाव म्हणता." पेट्या दुरुस्त करणाऱ्याचं कोण ऐकतं. वाटेतल्या दगडांवर माझ्या चार तारा तुटल्या.

क्लबात साहेब लोक माझ्यावर ग्लास ठेवत. जब्बार तिथंही मला लावायला यायचा, त्याच्याकडून पुढचं कळलं. वाशीमात दुसरा पियानो नव्हता. इंद्रभाननं फळीवर पट्ट्या आखून दहा दिवस बोटं फिरवली. मग स्वतःच्या हातानं नकार लिहून मुंबईला धाडला. ती संध्याकाळ दुसऱ्या कुणाला मिळाली.

जूनमध्ये दौलतराव रावसाहेब झाले. क्लबात मेजवानी होती. ते मुलाला घेऊन आले आणि साऱ्यांसमोर म्हणाले, वाजव. इंद्रभान माझ्यासमोर बसला. दहाही बोटं पट्ट्यांवर ठेवली, पण दाबली नाहीत. त्याचे हात गरम होते. मग त्यानं हळूच झाकण लावलं.

"मले येत नाई," तो म्हणाला.

"लाजते," दौलतराव हसले. सगळे हसले.

त्याला नऊ वर्षं झाली. यंदा साहेब लोक गेले, क्लब बंद पडला, आणि मी या गोदामात आलो. इंद्रभाननं पुन्हा पियानोला हात लावला नाही. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर रंगवतो. रावसाहेब म्हणतात, पोराचा छंद होता, सुटला.

दौलतरावांकडून मला काही नको. माझा राग इंद्रभानवर आहे. मला तोडून नेलं, ते मी समजू शकतो. पण बापाला शिक्षा करायची म्हणून त्यानं आपलेच हात बांधून घेतले, आणि त्या म्हाताऱ्याला ती शिक्षा झाल्याचं कळलंसुद्धा नाही. रोज पान खाऊन झोपतो तो.

वाशीमकडं कुणी जात असाल तर जिनिंगच्या फाटकाशी थांबा. हाताला काळा रंग लागलेला, सत्तावीस वर्षांचा माणूस दिसेल. त्याला सांगा, माझी वाट बघू नकोस, माझ्या तारा गंजल्या. मुंबईत पियानो ढिगानं आहेत. आबाला विचारू नकोस. जा.